डॉ. लूसी विल्स : गरोदर मातांच्या पांडुरोगाचे मूळ शोधणाऱ्या विदुषी

जगात अशी कित्येक माणसे होऊन गेली की, ज्यांच्या श्रमाचे फळ आज घरोघर पोचले आहे. परंतु ते फळ चाखणाऱ्यांस त्यांचे नावही ठाऊक नसते. आपल्या सोलापूर जिल्ह्यातील कोणत्याही गावी जा. गरोदर बाईच्या घरी, फडताळात किंवा देवळीत, आशाताईंनी आणून दिलेल्या लाल गोळ्यांची पट्टी दृष्टीस पडते. त्या गोळीत दोन औषधे असतात. एक लोह व दुसरे फॉलिक आम्ल. या दुसऱ्या औषधाचा माग प्रथम आपल्या मुंबई शहरात लागला, आणि तो काढणाऱ्या विदुषीचे नाव डॉ. लूसी विल्स असे होते. वैद्यकशास्त्राच्या पंडितांत हे नाव सर्वश्रुत आहे. खेड्यापाड्यांतील ज्या मातांसाठी या बाईंनी आपली उमेदीची वर्षे वेचली, त्यांच्या घरीही ते ठाऊक असावे, म्हणून हे अल्प चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो.

जन्म व विद्याभ्यास

लूसीचा जन्म इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरानजीक सटन कोल्डफील्ड या गावी १० मे १८८८ रोजी झाला. तिच्या वडिलांच्या घराण्याचा विळे, कोयते वगैरे धारेची हत्यारे तयार करण्याचा कारखाना होता. वडील स्वतः शास्त्र विषयाचे पदवीधर होते, व आईचे वडील बर्मिंगहॅमचे नामांकित डॉक्टर होते. अशा घरात मुलींच्या शिक्षणास कोणी आडकाठी करील हे संभवनीय नव्हते. त्या काळी इंग्लंडातही मुलींना वरिष्ठ शिक्षण देणारी विद्यालये थोडीच होती. त्यांपैकी चेल्टनहॅमच्या प्रसिद्ध विद्यालयात लूसी शिकली, आणि १९०७ साली केंब्रिज येथील न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाली. तेथे तिने वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास केला.

१९११ साली ती परीक्षा उतरली. तथापि केंब्रिजच्या विद्यापीठाने तिला पदवी दिली नाही. स्त्रियांनी तेथे शिकावे, परीक्षेस बसावे, उत्तीर्ण व्हावे, परंतु पदवी मात्र मागू नये, असा तेथील नियम होता. तो नियम १९४८ सालापर्यंत टिकला.

परीक्षेच्या त्याच वर्षी तिचे वडील वारले, आणि दोन वर्षांनी, म्हणजे १९१३ साली, थोरली बहीण मरण पावली. अशा एकामागून एक आलेल्या दुःखांनंतर लूसी आपल्या आईबरोबर लंकेच्या प्रवासास गेली. पुढे १९१४ साली ती दक्षिण आफ्रिकेत असता युरोपात महायुद्ध पेटले. तेव्हा केपटाउन येथे तिने स्वयंसेवक परिचारिका म्हणून काम केले. इंग्लंडास परत आल्यावर तिने १९१५ साली लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात नाव घातले. हे विद्यालय रॉयल फ्री रुग्णालयाशी जोडलेले असे. १९२० साली ती डॉक्टर झाली, तेव्हा तिचे वय ३२ वर्षांचे होते. इतक्या उशिरा नवी विद्या आरंभून ती शेवटास नेणे, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

डॉक्टर झाल्यावर विल्सबाईंनी दवाखाना थाटला नाही. रॉयल फ्री रुग्णालयातच राहून त्यांनी शिकविण्याचे व संशोधनाचे काम पत्करले. रक्त, लघवी वगैरे तपासून शरीराच्या आत काय चालले आहे याचा ठाव घेणे, हे त्यांचे शास्त्र. गरोदरपणात स्त्रीच्या शरीरात कोणते फेरफार होतात, हा विषय त्यांनी याच काळात हाती घेतला.

मुंबईस बोलावणे

त्या वेळी हिंदुस्थानात बाळंतपणात मरणाऱ्या स्त्रियांची संख्या फार मोठी होती. त्यांतील पुष्कळ स्त्रिया एका विशेष प्रकारच्या पांडुरोगाने जात. गरोदर बाई हळूहळू पांढरी फटक पडे, तोंडावर व पायांवर सूज येई, चार पावले चालताच धाप लागे, आणि बाळंतपणाचे श्रम सोसण्याइतके रक्तच तिच्या अंगी उरत नसे. कित्येक घरी माता व बालक दोघेही एकाच दिवशी जात. याचे कारण कोणी बाहेरची बाधा मानी, कोणी दैव म्हणे. डॉक्टरांनाही खरे कारण उमगले नव्हते.

हिंदुस्थानातील स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेत अनेक वर्षे घालविलेल्या डॉ. मार्गरेट बाल्फोर या स्कॉटिश बाईंनी मातांच्या मृत्यूंची चौकशी चालविली होती. त्यांनी विल्सबाईंस साहाय्यास बोलाविले. १९२८ साली विल्सबाई मुंबईस आल्या, आणि परळ येथील हाफकीन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम आरंभिले. प्लेगची लस शोधणाऱ्या डॉ. हाफकीन यांचे नाव या संस्थेस १९२५ साली दिलेले होते. आपल्या आजोबापणजोबांच्या काळी प्लेगच्या दिवसांत गावेच्या गावे रानात राहावयास जात, तेव्हा टोचावयाची लस याच संस्थेत तयार होई.

विल्सबाईंच्या आगमनापूर्वी दोनच वर्षे, १९२६ साली, अमेरिकेतील मायनट व मर्फी या दोन डॉक्टरांनी एक मोठा शोध जाहीर केला होता. दुर्धर पांडुरोग म्हणून जो एक घातकी आजार आहे, त्याच्या रोग्यास नित्य भरपूर कलेजी खावयास दिली असता तो बरा होतो, असे त्यांनी दाखविले. यानंतर कलेजीचा शुद्ध अर्क काढून तो औषध म्हणून देण्यात येऊ लागला. मुंबईच्या गरोदर स्त्रियांचा आजार वरवर पाहता याच रोगासारखा दिसे. रक्तातील तांबड्या पेशी संख्येने थोड्या, परंतु आकाराने वाजवीपेक्षा मोठ्या, अशी दोहोंची खूण होती. म्हणून दोन्ही रोग एकच असावेत, असा पुष्कळांचा समज झाला होता.

कारणाचा शोध

विल्सबाईंनी हा समज जसाच्या तसा मान्य केला नाही. प्रथम त्यांनी आतड्यातील जंतूंमुळे हा रोग होतो की काय, हे तपासले. तसा काही पुरावा मिळाला नाही. मग त्यांनी आपले लक्ष स्त्रियांच्या घरांकडे व ताटांकडे वळविले. कोणती बाई काय खाते, किती खाते, कशा जागेत राहते, याची पाहणी त्यांनी तळपदे या सहकाऱ्यांबरोबर केली, आणि ती १९३० साली प्रसिद्ध झाली. त्या काळच्या मुंबईत गिरण्या जोरात चालत होत्या, व मजुरांच्या चाळी माणसांनी भरलेल्या होत्या. निरनिराळ्या समाजांच्या व निरनिराळ्या ऐपतीच्या स्त्रियांची तुलना करता एक गोष्ट उघड झाली. ज्यांचे अन्न निकस, त्यांच्यात हा पांडुरोग अधिक. ज्यांच्या ताटात भाजीपाला, फळे, दूध असे काही पडे, त्यांच्यात तो कमी. गोषात राहणाऱ्या गरीब मुसलमान स्त्रियांचे अन्न सर्वांत हलके होते, आणि रोगही त्यांच्यातच सर्वांत अधिक होता. यात जातीचा किंवा धर्माचा दोष नव्हता. दोष दारिद्र्याचा व निःसत्त्व अन्नाचा होता.

परंतु नुसत्या तुलनेवरून शास्त्रज्ञाचे समाधान होत नाही. गरिबाच्या घरी अन्नाबरोबर हवा, उजेड व विश्रांती यांचीही वाण असते. मग रोगाचे कारण यांपैकी कोणते, हे कसे ठरवावे? यास्तव विल्सबाईंनी गाभण पांढऱ्या उंदरांस त्या गरीब स्त्रियांच्या अन्नासारखेच अन्न घातले. उंदीर पांडुरोगी झाले, व पिले होण्यापूर्वीच मरू लागले. त्याच अन्नात यीस्ट, म्हणजे पाव फुगविण्यास लागणारे किण्व, मिसळले असता हा अनर्थ टळला. या उंदरांच्या प्रयोगात एक दोष राहिला होता, हे पुढे दिसून आले. उंदरांच्या अंगावरील उवांपासून होणारा एक संसर्गही त्यांच्या पांडुरोगास कारण झाला असावा, असे ठरले. तथापि पुढे माकडांवर केलेल्या प्रयोगांत निकस अन्नानेच मोठ्या पेशींचा पांडुरोग होतो हे सिद्ध झाले. एका परीक्षेत खोट निघाली तर दुसरी परीक्षा करावी, आणि खरे काय ते तिच्यावरून ठरवावे, हीच शास्त्राची रीत होय.

स्वस्त औषध

आता प्रश्न माणसांचा होता. इंग्लंडात मद्य गाळण्याच्या कारखान्यांत उरलेल्या यीस्टपासून मार्माइट नावाचा एक काळा, खारट, दाट पदार्थ १९०२ सालापासून करीत असत. इंग्रज लोक तो पावास लावून खात. कलेजीचा अर्क महाग, व गरिबाच्या आवाक्याबाहेरचा होता. मार्माइट त्या मानाने स्वस्त होते. विल्सबाईंनी ते मुंबईतील पांडुरोगी गरोदर स्त्रियांस द्यावयास सुरुवात केली.

परिणाम पाहून डॉक्टर चकित झाले. थोड्याच दिवसांत अन्नावरची वासना परत आली, रक्तात नव्या कोवळ्या पेशी दिसू लागल्या, आणि मरणाच्या दारी टेकलेल्या बाया उठून बसल्या. हा वृत्तांत विल्सबाईंनी जून १९३१ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांच्या प्रमुख नियतकालिकात प्रसिद्ध केला.

त्यापुढची गोष्ट अधिकच महत्त्वाची आहे. दुर्धर पांडुरोगावर जो कलेजीचा शुद्ध अर्क रामबाण ठरला होता, तो या गरोदर स्त्रियांस लागू पडेना. परंतु कलेजीचा साधा, न गाळलेला अर्क दिला की त्या बऱ्या होत. यावरून विल्सबाईंनी असे अनुमान काढले की, साध्या अर्कात रक्त वाढविणारे एक निराळेच सत्त्व असले पाहिजे. अर्क शुद्ध करताना ते टाकाऊ भागाबरोबर निघून जाते, आणि तेच सत्त्व यीस्टमध्येही आहे. अर्थात हे दोन पांडुरोग दिसण्यात सारखे असले तरी मुळात भिन्न होत. या अज्ञात सत्त्वास पुढे शास्त्रज्ञ विल्सबाईंच्या नावाने विल्स-घटक असे म्हणू लागले.

या कामासाठी विल्सबाई १९२९ साली काही महिने निलगिरीतील कुन्नूर येथील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये होत्या. तेथे मॅककॅरिसन हे डॉक्टर हिंदी लोकांच्या आहाराचे संशोधन करीत असत. १९३१ साली त्यांनी मद्रासेच्या स्त्रियांच्या रुग्णालयातही काम केले. १९३३ साली त्या लंडनास परतल्या, परंतु मुंबईचे काम त्यांच्या मनातून गेले नाही. १९३७ सालच्या अखेरीस पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून, वाटेत मुक्काम करीत करीत, त्या पुन्हा हिंदुस्थानात आल्या व हाफकीन इन्स्टिट्यूटमध्ये काही आठवडे राहिल्या.

सत्त्वाचे नाव ठरले

दुसऱ्या महायुद्धात विल्सबाई लंडनातच होत्या. जुलै १९४४ मध्ये त्यांच्या रुग्णालयावर जर्मनांचा उडता बाँब पडून माणसे मेली व प्रयोगशाळेचे काम विस्कळीत झाले. तरीही त्यांनी आपले ठिकाण सोडले नाही. युद्ध संपता संपता त्या रॉयल फ्री रुग्णालयाच्या रोगनिदान विभागाच्या प्रमुख झाल्या, आणि रक्ताच्या रोगांचा स्वतंत्र विभाग तेथे त्यांनीच प्रथम उभारला.

इकडे अमेरिकेत १९४१ साली तीन शास्त्रज्ञांनी सुमारे ४ टन पालक घेऊन त्यातून एक सत्त्व अगदी अल्प प्रमाणात वेगळे काढले. लॅटिन भाषेत पानास जो शब्द आहे, त्यावरून त्याचे नाव फॉलिक आम्ल असे ठेविले. पुढे १९४५ च्या सुमारास लेडर्ली नावाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार झाले. त्या मंडळींचे प्रमुख डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव हे होत. ते १८९५ साली आंध्र देशी भीमावरम येथे जन्मले होते, व त्यांची मातृभाषा तेलुगू होती. सोलापुरात विणकरांच्या पेठांतून जी भाषा रोज कानी पडते, त्याच भाषेत वाढलेल्या पुरुषाने मुंबईत सापडलेल्या धाग्याचे दुसरे टोक समुद्रापलीकडे हाती आणून दिले. १९४५ सालीच हे फॉलिक आम्ल देऊन मोठ्या पेशींचा पांडुरोग बरा होतो असे दिसून आले. दुर्धर पांडुरोगावरील दुसरे सत्त्व, ज्यास आज जीवनसत्त्व बी-१२ म्हणतात, ते १९४८ साली हाती लागले. अशा प्रकारे विल्सबाईंनी पूर्वी जो भेद सांगितला होता, तो सर्वार्थाने खरा ठरला.

उत्तर आयुष्य

१९४७ साली विल्सबाई सेवानिवृत्त झाल्या. तरी त्या स्वस्थ बसल्या नाहीत. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका अशा दूरदूरच्या देशी जाऊन त्यांनी तेथील गरिबांचा आहार व पांडुरोग यांची पाहणी केली. त्यांनी लग्न केले नव्हते. राहणी अगदी साधी असे. मोटारीऐवजी सायकलीवरून त्या कामास जात. डोंगर चढण्याची व बागेची त्यांस आवड होती. उतारवयात सुमारे दहा वर्षे त्या लंडनातील चेल्सी भागाच्या नगरसभेत मजूर पक्षाच्या सभासद होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी वयाच्या ७५ व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. मोठे मानसन्मान त्यांच्या वाट्यास आले नाहीत.

त्यांच्या मागे ते सत्त्व आणखी एका कामी आले. काही बालके पाठीचा कणा उघडा राहून किंवा मेंदूची वाढ न होता जन्मतात. ज्या मातांस असे मूल पूर्वी झाले होते, त्यांस गरोदर राहण्याच्या आधीपासून फॉलिक आम्ल दिल्यास पुन्हा तसे होण्याचा संभव सुमारे ७२ टक्क्यांनी कमी होतो, असे १९९१ साली अनेक देशांत केलेल्या एका मोठ्या परीक्षेत सिद्ध झाले. मुलाचा कणा गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांतच मिटतो. पुष्कळ बायांस आपण गरोदर आहो हे तोवर कळतही नाही. म्हणून मूल व्हावे अशी इच्छा असलेल्या स्त्रीने डॉक्टरांस विचारून ही गोळी आधीच सुरू करावी, असे शास्त्र सांगते.

आपण काय शिकावे

प्रिय वाचकहो, हे चरित्र वाचून केवळ आश्चर्य मानावे व पान उलटावे, असे नाही. आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत गरोदर स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रिया पांडुरोगी आढळल्या. त्यांतील पुष्कळांचे कारण लोहाची कमतरता हे आहे, काहींचे फॉलिक आम्लाची, तर काहींचे बी-१२ ची. म्हणूनच सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असे दोन्ही घातलेले असते. गरोदर बाईने चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस ती घ्यावी, असा नियम आहे. ही गोळी फुकट मिळते. परंतु कित्येक घरी ती तशीच पडून राहते, किंवा चुलीमागे टाकली जाते. मळमळते, शौचास काळे होते, मूल फार मोठे होऊन बाळंतपण अडेल, अशा भीतीने सासवा सुनांस ती घेऊ देत नाहीत. शौचाचा काळा रंग लोहामुळे होतो; त्यात भिण्याजोगे काही नाही. जेवणानंतर गोळी घेतली व तिच्याबरोबर चहा टाळला, तर त्रास कमी होतो व गुण अधिक येतो.

आहाराविषयी पाहता आपल्या जिल्ह्याची भूमी या बाबतीत दरिद्री नाही. फॉलिक आम्ल हिरव्या पालेभाज्यांत, हरभऱ्यात, तुरीत, मुगात व भुईमुगाच्या शेंगांत विपुल असते. ज्वारीच्या भाकरीबरोबर हरभऱ्याच्या पाल्याची किंवा मेथीची भाजी, घट्ट वरण, आणि सोलापूरची शेंगाचटणी, एवढे जिच्या ताटात रोज पडते, तिला मार्माइटची गरज नाही. मात्र भाजी फार वेळ शिजविल्यास हे सत्त्व नाश पावते, आणि उकळलेले पाणी ओतून टाकल्यास त्याबरोबर वाहून जाते. म्हणून भाजी झाकण ठेवून थोडा वेळच शिजवावी व पाणी फेकू नये. सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेसुरले घरच्या सुनेने खावे, ही जी रीत अजूनही कोठे कोठे चालते, ती तर सर्वांत आधी मोडावी. जी दोन जिवांची आहे, तिचे ताट आधी वाढावे.

आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पांडुरोगाचे कारण बी-१२ ची उणीव हे असेल, आणि नुसते फॉलिक आम्ल दिले, तर रक्त सुधारल्यासारखे दिसते; परंतु मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. म्हणून स्वतःच वैद्य होऊ नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. गरोदरपणात रक्तातील हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असल्यास तो पांडुरोग समजतात, व ७ पेक्षा कमी असल्यास प्राणास धोका असतो. तेव्हा एक दिवसही न दवडता रुग्णालय गाठावे.

विल्सबाई मुंबईस आल्या, तेव्हा त्या स्त्रियांशी त्यांचे नाते नव्हते. भाषा, देश, चालीरीती सर्व निराळे होते. तरीही त्या बायांच्या ताटात काय पडते, हे त्यांनी बारकाईने पाहिले, आणि त्यातूनच उपाय निघाला. आपण तर एकाच गावचे, एकाच आळीचे. आपल्या मंडळीतील, शेजारपाजारच्या गरोदर बहिणीने आज काय खाल्ले, गोळी घेतली की नाही, रक्त तपासले की नाही, एवढे विचारण्यास ना विद्यापीठाची पदवी लागते, ना पैसा लागतो. जे भगिनी व बंधू गावोगाव फिरून शिकविण्याचे काम करितात, त्यांनी या गोष्टीची चौकशी प्रत्येक घरी अवश्य करावी.